वाचकांचे प्रश्न : मानशीवर सेन्सर, पण आकडा कोणाचा?

प्रश्न : आमच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत) खारटपणा मोजणारे सेन्सर आणि मोटरवर उघडमीट होणारी मानस (बांधातलं पाण्याचं दार) बसवायचा प्रस्ताव एका संशोधन संस्थेनं आणलाय. सादरीकरण झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचं म्हणणं मात्र कुणी विचारलंच नाही. आता काय करावं? (एक कूळ, तिसवाडी, गोवा)

उत्तर : सामान मागवण्याआधी एकच गोष्ट धरून बसा. दार कोणत्या आकड्याला बंद व्हावं, हे गावानं ठरवायचं. मुळांजवळच्या मातीचा खारटपणा साधारण 3 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या (खारटपणा मोजायचं एकक) वर गेला की भाताचं उत्पन्न घटू लागतं. कोरगूट हा खाजनातला पारंपरिक भात त्याहून जास्त सोसतो. समुद्राचं पाणी 50 च्या आसपास असतं. मानशीची पावणी (तिथल्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव) घेतलेल्याला सुंगटांसाठी, म्हणजे कोळंबीसाठी, भरतीचं पाणी आत हवं असतं, शेतकऱ्याला ते बाहेर हवं असतं. यांच्यातला तोल प्रयोगशाळेत ठरत नाही. शिवाय सेन्सर पाण्यात असतो आणि भात मातीत. दोन्हीकडचे आकडे एकच धरू नका.

पहिली बैठक सभागृहात नको. संस्थेच्या लोकांना घेऊन ओहोटीला बांधावरून चाला. सोबत मानस सांभाळणारा, लावणी करणाऱ्या बायका, पावणीदार आणि कोमुनिदादचं (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचं) कुणीतरी हवं. पाणी कुठं पाझरतं, कुर्ल्यांनी भोकं कुठं पाडलीत, हे मोठ्या कागदावर काढा. सेन्सरची जागा त्यावरूनच ठरवा. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं. वरच्या थरात बसवलेला सेन्सर गोडं पाणी दाखवत राहील आणि खाली रोप करपेल. खोली किती ठेवायची, हे मानस सांभाळणाऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

एक पावसाळा तीनच सेन्सर लावून बघा. जुनी लाकडी दारं काढू देऊ नका. भरतीच्या दाबानं ती आपसूक मिटतात, ओहोटीला उघडतात, त्यांना वीज लागत नाही. मोटर ऐन उधाणात अडकली तर तीच शेत वाचवतील. प्रत्येक सेन्सरसाठी वही ठेवा : तारीख, भरतीची वेळ, रीडिंग, आणि मानसवाल्याला पाणी कसं वाटलं. रीडिंग आणि त्याचं मत जुळत नसेल तर आधी सेन्सर काढून बघा. शेवाळ आणि कालवांची पुटं चढली की आकडा घसरतो. दर आठ दिवसांनी मऊ ब्रशनं घासायचं, महिन्यातून एकदा 12.88 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या प्रमाणित द्रावणात तपासायचं. हे काम कुणाच्याच नावावर नसतं, म्हणूनच अशा योजना वर्षभरात बंद पडतात.

म्हणून ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या : घासणार कोण, पैसे कोण देणार, आकडेवारी कोणाच्या मालकीची, पंचायतीच्या फलकावर ती कधी लागणार, दार हातानं बंद करायचा अधिकार कोणाचा. इतिवृत्तात आलं नाही तर ते झालंच नाही, असं समजा.

प्रश्न : बैठकीत बायका गप्पच बसतात. त्यांचं मत कसं घ्यायचं? (एक पंच सदस्या, बार्देश)

उत्तर : वेगळं बसा. सहा-आठ जणी, दुपारी, कुणाच्या तरी बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत). स्लाइड नकोत, रोपांची जुडी समोर ठेवा. पात्यांची टोकं पांढुरकी पडलेली लावणी करणारीलाच आधी दिसतात. शेतकऱ्यांच्या अशाच नजरेनं कोरगूट टिकला, आणि जुने गोवेच्या किनारी कृषी संशोधन संस्थेनं गोवा धान 1 आणि 2 हे वाण त्यातूनच निवडून काढले. हंगाम संपला की निकाल घेऊन पुन्हा त्याच बायकांकडे जा. त्यांनी सांगितलेलं काय केलं आणि काय केलं नाही, दोन्ही सांगा. नाहीतर पुढच्या वेळी कुणी बसायला येणार नाही.