आरोपीच मारला गेला तर खटला कोणावर चालतो?

निपाणीहून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा संशयित मारेकरी ओस्वाल्ड दोन दिवसांत मारला गेला, मग खटला कोणावर चालला? आणि असाच कुणी आरोपी हिंडलगा जेलमधून बेळगावच्या कोर्टात आणताना मारला गेला, तर इथे कागदोपत्री काय होतं?

केनेडींच्या खुनाचा खटला ओस्वाल्डवर उभाच राहिला नाही. खटला माणसावर चालतो. माणूस गेला की पुरावा कितीही जड असो, तो कोर्टापुढे मांडायला समोर कोणी उरत नाही. टेक्सस राज्यातल्या डॅलसमध्ये ओस्वाल्डवर दोन गुन्हे लावले होते, एक पोलीस शिपाई टिपिटच्या खुनाचा आणि दुसरा केनेडींच्या. दोन्ही तिथेच संपले. खटला चालला तो जॅक रूबी या तिथल्या नाइटक्लबवाल्यावर, म्हणजे ओस्वाल्डला मारल्याबद्दल. 14 मार्च 1964 ला त्याला फाशी सुनावली, ऑक्टोबर 1966 मध्ये वरच्या कोर्टाने ती रद्द करून फेरखटल्याचा हुकूम दिला आणि फेरखटला व्हायच्या आधीच, 3 जानेवारी 1967 ला, रूबी आजारपणात मेला.

हे घडलं कसं, ते जरा बारकाईने बघा, कारण बंदोबस्तात चूक नेमकी कुठे होते ते त्यातून कळतं. रविवार, 24 नोव्हेंबर 1963. ओस्वाल्डला पोलीस मुख्यालयातून काउंटी जेलमध्ये हलवायचं होतं. साधारण वेळ पत्रकारांना आदल्या रात्रीच सांगून टाकलेली. रात्री धमकीचे फोनही आले होते. तरी तळघरात कॅमेरे आणि पत्रकारांची गर्दी राहू दिली. बेत ऐनवेळी बदलला: चिलखती गाडी नुसती दाखवायला पुढे काढायची आणि ओस्वाल्डला साध्या मोटारीतून न्यायचं. त्यासाठी पोलिसांची एक गाडी उलट्या बाजूच्या उतारावरून बाहेर काढावी लागली. ती जाताना वाट मोकळी झाली आणि रूबी तिथूनच आत शिरला, असं केनेडींच्या खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाला वाटलं. अमेरिकी संसदेच्या समितीला पुढे ते पटलं नाही. चौकशी लांबल्याने निघायलाही उशीर झाला. रूबी शेजारच्याच तार ऑफिसातून 25 डॉलर पाठवत होता, त्या पावतीवर 11:17 चा शिक्का आहे. गोळी झाडली 11:21 ला. ओस्वाल्ड बाहेर आला तेव्हा त्याला न्यायची मोटार अजून मागे घेऊन जागेवर लावणं चालू होतं. दुपारी 1:07 ला तो पार्कलँड हॉस्पिटलात मेला. केनेडीही तिथेच मरण पावले होते.

माझ्या मते खरं नुकसान तळघरातल्या गोळीच्याही आधी झालं होतं. ओस्वाल्डची चौकशी दोन दिवसांत मिळून सुमारे बारा तास चालली, पण तिचं ध्वनिमुद्रण नाही, लघुलेखक नाही. अधिकाऱ्यांची टिपणं आणि आठवणी, एवढंच उरलं. तसंच शवविच्छेदनाचं. राष्ट्राध्यक्षाचा खून तेव्हा केंद्राचा गुन्हा नव्हता, टेक्ससचा होता, त्यामुळे ते डॅलसमध्येच व्हायला हवं होतं. तिथला वैद्यकीय अधिकारी अडून बसला, तरी पार्थिव उचलून मेरीलँडच्या नौदल इस्पितळात नेलं. 1965 मध्ये कायदा बदलला, पण तोवर संशयाला खाद्य मिळालं होतं. वॉरन आयोगाने 552 जणांच्या साक्षी घेऊन 888 पानांचा अहवाल दिला. मात्र उलटतपासणी करणारा आरोपीचा वकील तिथे नव्हता. 1979 मध्ये संसदेच्या समितीने ध्वनिफितीवरून ‘बहुधा कट होता’ म्हटलं आणि 1982 मध्ये शास्त्रज्ञांनी तो ध्वनीचा पुरावा मोडीत काढला. न झालेल्या खटल्याचं असं होतं.

आपल्याकडे इंदिरा गांधींचे मारेकरी दोन. बेअंतसिंगला पकडल्यावर लगेच पहारेकऱ्यांच्या खोलीत गोळ्या घातल्या गेल्या, सतवंतसिंग जखमी होऊन वाचला. तो वाचला म्हणून त्याच्यावर खटला झाला. त्यात बचाव पक्षाला, या खुनाची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगापुढचे जबाब उलटतपासणीसाठी हवे होते, सुप्रीम कोर्टाने नाकारले. चौकशी आयोग कायद्याचं कलम 6 तसंच आहे. आयोगाला दिलेली साक्ष कोर्टात कामाला येत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. राजीव गांधी खटल्यात 41 आरोपी होते, 12 आधीच मेलेले, 3 फरार, उरलेल्या 26 जणांवर खटला चालला. त्या 12 मध्ये कटाचा सूत्रधार शिवरासन होता, जो ऑगस्ट 1991 मध्ये बंगळूरच्या कोणनकुंटेत घेरल्यावर मेला.

आता बेळगाव. चन्नम्मा सर्कलजवळच्या कोर्टात आणताना आरोपी मारला गेला, तर मूळ खटला त्याच्यापुरता बंद. कोर्ट मृत्यूचा दाखला पाहून तशी नोंद करतं, सहआरोपी असतील तर त्यांच्यावर खटला चालूच राहतो. शिक्षा लागून अपील चालू असताना मेला, तर जवळच्या नातेवाइकांना 30 दिवसांत अपील पुढे चालवायची परवानगी मागता येते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 435). हे तीस दिवस बहुतेक घरं दुःखात घालवतात.

त्याच्या खुनाचा वेगळा एफआयआर हवा, न्याय संहितेच्या कलम 103 खाली. नुसता यूडीआर (अनैसर्गिक मृत्यूची नोंद) करून थांबले असतील तर लगेच लेखी हरकत घ्या. तो कोठडीत होता, म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 प्रमाणे मॅजिस्ट्रेटची चौकशी वेगळी होते. शव 24 तासांत शवविच्छेदनाला पाठवायचं असतं आणि ज्यांची नावं-पत्ते माहीत आहेत त्या नातेवाइकांना चौकशीची खबर देऊन हजर राहू द्यायची तरतूद आहे, खबर देण्याबाबत ‘शक्य असेल तिथे’ या शब्दांसकट. ते शब्द तुमच्याविरुद्ध वापरले जाऊ नयेत म्हणून आपली नावं, पत्ते, फोन पहिल्याच दिवशी मॅजिस्ट्रेटच्या ऑफिसात देऊन पोच घ्या.

सीमाभागातली खास अडचण म्हणजे कागद. जबाब आणि पंचनामा बहुधा कन्नडमध्ये लिहिला जातो. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 181), तेव्हा ‘इथं सही करा’ म्हटलं तर कागद कसला आहे ते आधी विचारा. पंचनाम्यावर मात्र सही असते. तिथे मराठीत वाचून दाखवायला लावा आणि आपल्या सहीवर ‘मराठीत समजावून सांगितलं’ एवढं मराठीतच लिहा. वेळ घड्याळाप्रमाणे लिहिली आहे का तेही तपासा: व्हॅन जेलमधून किती वाजता सुटली, कोर्टाच्या फाटकात किती वाजता शिरली. डॅलसमध्ये आज जे चार मिनिटांचं गणित मांडता येतं, ते तार ऑफिसच्या शिक्क्यामुळे.