गजकर्णाच्या गोळ्या आणि बाळाची काळजी

गजकर्णासाठी पोटातून घेतलेल्या औषधांमुळे मूल होण्यात अडचण येते का, आणि आली तर व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी ती भरून निघते का, हा प्रश्न पावसाळा सरला की ठाण्यातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हमखास येतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या एका जोडप्याची हकीकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे; त्यात एक चूक माझीही होती.

पती ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रसायन कारखान्यात उत्पादन विभागात आहेत. शिक्षण रसायनशास्त्रातले, त्यामुळे त्यांची भीतीही नेमकी होती. केटोकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणते, असे त्यांनी वाचले होते आणि त्यांच्या वीर्यतपासणीत शुक्रजंतूंची संख्या मिलीलीटरला १ कोटी ३० लाख आली होती. या दोन गोष्टी जोडून त्यांनी स्वतःलाच दोषी ठरवले होते. “मॅडम, दोन महिने खाज सहन केली असती तर बरे झाले असते,” ते म्हणाले. पत्नी शेजारी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत गप्प बसली होती.

अशा वेळी मी धीर देण्याआधी औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप मागते, कारण ‘बुरशीच्या गोळ्या’ हे एका औषधाचे नाव नव्हे. पुढच्या भेटीत त्यांनी रबरबँड लावलेला गठ्ठा टेबलावर ठेवला. पोटातून घ्यायचे केटोकोनॅझोल त्यात नव्हतेच. त्या नावाचा फक्त शाम्पू होता आणि त्वचेवर लावलेला शाम्पू रक्तात जवळजवळ उतरत नाही. (यकृताला होणाऱ्या इजेमुळे २०१३ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील औषध नियामकांनी केटोकोनॅझोलच्या गोळ्यांवर कडक बंधने आणली होती.) त्यांनी खरोखर घेतले होते ते इट्राकोनॅझोल. बुरशीच्या पेशीचे आवरण ज्या एर्गोस्टेरॉल नावाच्या स्निग्ध द्रव्यावर टिकून असते, ते घडवणारे एन्झाइम ही दोन्ही औषधे अडवतात. त्याच कुळातील एन्झाइम आपल्या शरीरात हार्मोन घडवतात आणि केटोकोनॅझोल त्यांनाही बऱ्यापैकी धरते, तर इट्राकोनॅझोल मुख्यतः बुरशीच्याच एन्झाइमला चिकटते. हे सांगत असतानाच त्यांनी माझ्या वहीच्या कोपऱ्यात केटोकोनॅझोलच्या रेणूतले दोन नायट्रोजनचे आणि इट्राकोनॅझोलमधले तीन नायट्रोजनचे अशी पाच कोनांची दोन कडी काढली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

गठ्ठ्याच्या तळाशी मात्र ग्रिसिओफुल्विनची एक स्ट्रिप निघाली. बुरशीवरचेच हे औषध पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढून नेणाऱ्या सूक्ष्म नलिकांच्या कामात ढवळाढवळ करते, म्हणून ते थांबवल्यावर पुरुषांनी सहा महिने मूल होऊ देण्याचा प्रयत्न करू नये, अशी सूचना त्याच्या माहितीपत्रकात असते. त्यांना ती कोणी वाचून दाखवली नव्हती. शेवटची गोळी जुलैअखेरीस घेतलेली, म्हणजे प्रयत्न जानेवारीअखेरपर्यंत पुढे ढकलणे भाग होते. ती तारीख त्वचारोगतज्ज्ञांकडून पक्की करून घ्यायला मी त्यांना सांगितले, कारण औषधांविषयीचा निर्णय समुपदेशकाचा नसतो.

तपासणीतील आकड्याबद्दलही थोडे बोलणे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली १ कोटी ६० लाखांची खालची मर्यादा ही पास-नापासाची रेघ नाही. ज्यांना वर्षभराच्या आत मूल राहिले अशा पुरुषांपैकीही ५ टक्के तिच्या खालीच होते. शिवाय शुक्रजंतू तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे तीन महिने लागतात, तेव्हा एका तपासणीवर विसंबणे योग्य नव्हे.

व्हिटॅमिन ई आणि झिंकच्या गोळ्या त्यांनी औषधाच्या दुकानातून स्वतःच आणल्या होत्या. या श्रद्धेचे मूळ जुने आहे. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात हर्बर्ट एव्हान्स आणि कॅथरीन बिशप या संशोधकांना असे दिसले, की ठराविक कृत्रिम आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्यांना गर्भ राहतो पण टिकत नाही, आणि लेट्यूसची पाने दिली की टिकतो. पुढे या द्रव्याला ‘टोकोफेरॉल’ हे अपत्यजन्माचा अर्थ असलेले ग्रीक नाव मिळाले, १९३८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पॉल कारर यांनी ते प्रयोगशाळेत बनवलेही, आणि नावाचा महिमा औषधाला चिकटला. परंतु ते उंदीर त्या द्रव्याला पूर्ण पारखे होते. शेंगदाणे आणि करडईचे तेल रोजच्या जेवणात असणाऱ्या माणसाची ती अवस्था नसते. झिंकचीही तीच गत आहे: झिंक आणि फोलिक ॲसिड सहा महिने देऊन अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर केलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ना शुक्रजंतू सुधारले, ना जन्मांचे प्रमाण वाढले, पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या.

येथवर मी समाधानी होते. पत्नीला मी अजून एकही प्रश्न विचारला नव्हता, हे माझ्या लक्षात आले ते ती उठता उठता म्हणाली तेव्हा: “ह्यांच्या डब्यातल्या कॅप्सूल मीही दहा-बारा दिवस घेतल्या. मलाही कमरेला झाले होते. सासूबाईंना कळले असते तर पुन्हा डॉक्टर, पुन्हा थांबा, म्हणून बोलले नाही.” त्या कॅप्सूल इट्राकोनॅझोलच्या होत्या. म्हणजे दोन तास आम्ही ज्याच्या शरीराची चर्चा केली, त्याहून तातडीचा प्रश्न शेजारच्या खुर्चीत होता. इट्राकोनॅझोल घेताना आणि ते थांबवल्यानंतर पुढची पाळी येईपर्यंत स्त्रीने गर्भधारणा टाळावी, असा सल्ला दिला जातो. तिची पाळी आठवड्यापूर्वीच येऊन गेली होती. तरीही मी तिला त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले.

तिथून तिला फोलिक ॲसिड लिहून मिळाले. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच बंद होते, बऱ्याचदा पाळी चुकल्याचे ध्यानात येईपर्यंत, म्हणून हे व्हिटॅमिन आधीपासून घ्यावे लागते. या प्रश्नापुरते खात्रीचे व्हिटॅमिन हेच, आणि ते तिच्यासाठी होते. १९३० च्या सुमारास ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स यांनी गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर यीस्टच्या अर्काचा जो उतारा शोधला, त्यातील गुणकारी घटक हाच, आणि ते काम आपल्या मुंबईतले.

पुढच्या भेटीत तिने फोलिक ॲसिडची स्ट्रिप पर्समधून काढून दाखवली. व्हिटॅमिन ईच्या उरलेल्या कॅप्सूलचे काय केले, असे मी विचारल्यावर पती हसले. त्या त्यांच्या आई टाचांच्या भेगांना लावत होत्या.