आजीने टॉर्टिया का खाल्ली नाही

प्रिय चिऊ,

शुक्रवारी रात्री गाडीत तू विचारलंस, "आई, आजीचा उपवास होता ना? मग तिने खाल्लं कसं? आणि खाल्लंच, तर टॉर्टिया का नाही? हे चीटिंग नाही का?" मी गाडी चालवत होते, रस्त्यावर बर्फाचा चिखल होता, आणि उत्तर सुचेपर्यंत तू आजीच्या खांद्यावर झोपूनही गेलीस. दोन दिवस तो प्रश्न माझ्या डोक्यात घोळतोय. रविवारच्या मराठी शाळेत आता जोडाक्षरं बऱ्यापैकी वाचतेस, म्हणून हे मराठीतच लिहिते. अडलं तर आजीला विचार.

चूक माझी होती, हे आधी सांगते. मी कॅलेंडर बघितलं नव्हतं. आपण दर थोड्या दिवसांनी शिकागोच्या पिल्सेन भागातल्या अठराव्या रस्त्यावरच्या त्या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये जातो. तुझा पाचवा वाढदिवस तिथेच झाला होता. आजी साताऱ्याहून आल्यापासून तिला एकदा तिथे न्यायचं माझ्या मनात होतं. टेबलावर बसून मेन्यू हातात घेतल्यावर ती हळूच म्हणाली, "अगं, आज संकष्टी आहे. तुम्ही जेवा पोटभर, मी बसते." सकाळपासून तिने सांगितलं नव्हतं, कारण तुझा हिरमोड झाला असता. मला फार वाईट वाटलं.

मग तू जे केलंस ते मला आयुष्यभर आठवेल. वाढणाऱ्या मावशी आल्या तेव्हा तू तुझ्या शाळेतल्या स्पॅनिशमध्ये त्यांना सांगितलंस की माझी आजी आज चंद्र दिसेपर्यंत जेवत नाही. त्यांना नवल वाटलं नाही की हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "आह, कोमो क्वारेस्मा!" म्हणजे, अगदी क्वारेस्मासारखं! क्वारेस्मा म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. त्या दिवसांतल्या शुक्रवारी त्यांच्याकडे मांस खात नाहीत. भिंतीवर खडूने लिहिलेला शुक्रवारचा मेन्यू तू वाचून दाखवलास ना? सुक्या कोळंबीचे वडे, निवडुंगाची भाजी, आणि कापिरोतादा, म्हणजे पाव, गुळाचा पाक, दालचिनी, शेंगदाणे आणि चीजचा गोड पदार्थ. ते त्यांचं उपासाचं ताट. म्हणजे त्या संध्याकाळी आपल्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना उपास होता.

त्यांनी आजीसाठी पपईच्या फोडी आणल्या. बरोबर हिकामा नावाच्या पांढऱ्या कंदाचे तुकडे, लिंबू आणि वेगळ्या वाटीत तिखट. आजीने एक तुकडा चावून बघितला आणि म्हणाली, "कंद आहे ना? मग चालतो." आणि निघताना काउंटरवर तिला ती वडी दिसली.

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वडीत आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. सेलोफेनमध्ये गुंडाळलेली चौकोनी वडी, वर भोपळ्याच्या बिया आणि मनुका. आजीने ती उजेडात धरली, नखाने एक दाणा सुटा केला, दाताखाली चावला आणि जवळजवळ ओरडलीच, "अगं, हा तर राजगिरा!" खरंच राजगिरा होता. मेक्सिकोत त्या वडीला अलेग्रिया म्हणतात. अलेग्रिया म्हणजे आनंद. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला तुल्येवाल्को नावाचं गाव ह्या वडीसाठी प्रसिद्ध आहे. राजगिऱ्याचं मूळ घरच मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथले जुने लोक, ज्यांना आपण ॲझ्टेक म्हणतो, राजगिऱ्याच्या पिठात निवडुंगासारख्या दिसणाऱ्या मागेय नावाच्या झाडाचा गोड रस मिसळून देवाची मूर्ती करायचे, तिची पूजा करायचे आणि शेवटी तिचे तुकडे सगळ्यांना वाटून खायचे. प्रसादच की तो. सोळाव्या शतकात आलेल्या सहागुन नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने हे सगळं लिहून ठेवलंय. पुढे स्पॅनिशांनी ती पूजा बंद पाडली, पण वडी राहिली.

आता तुझा प्रश्न. उपवास म्हणजे काहीच न खाणं, असं आपल्याकडे सहसा नसतं. पाणीसुद्धा न घेता करतात तो निर्जळी उपवास, आणि तो थोडेच लोक करतात. बाकी उपवासात सोडायचं असतं ते अन्न, म्हणजे रोजचं धान्य आणि डाळी. भात, पोळी, भाकरी, वरण. पोट भरलं असं आपण ज्याने म्हणतो, ते. त्याच्या जागी फळं, कंद, दूध चालतं. फराळ हा शब्दही फलाहारावरूनच आलाय. टॉर्टिया मक्याची. मका धान्य आहे, आणि मेक्सिकोतल्या माणसाची ती रोजची भाकरी आहे. आजीने मावशींना टॉर्टिया तव्यावर टाकताना बघितलं होतं. फुगलेली टॉर्टिया बघून ती म्हणाली, "पापुद्रा सुटला बघ, अगदी भाकरीसारखा." भाकरी म्हटल्यावर ती संकष्टीला कशी चालेल? राजगिरा मात्र भात, गहू, मक्यासारखा गवताच्या जातीचा नाही. माठाच्या पालेभाजीच्या घरातला तो, म्हणून धान्यात धरत नाहीत.

पण हे नियम दगडावर कोरलेले आहेत असं समजू नकोस. माझ्या माहेरी कोल्हापूरला उपासाच्या बटाट्याच्या भाजीवर कोथिंबीर चालते, आजीच्या घरी अजिबात नाही. कुठे जिरं चालतं, कुठे नाही. आणि मक्याचंच घे. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी असते, तेव्हा आजी जी भाजी करते तिच्यात मक्याच्या कणसाचे तुकडे असतात! त्या दिवशीचा नियमच निराळा आहे: बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगराशिवाय, माणसाने हाताने लावलेलं तेवढंच. लहानपणी माझी आजी परसातला अळू, भोपळा, कणसं त्यासाठी राखून ठेवायची. हे लिहिताना माझ्या लक्षात आलं, की स्पॅनिश येण्याआधी मेक्सिकोत बैल नव्हतेच. टोकदार काठीने भोक पाडून मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावायचे. म्हणजे त्यांचं सबंध शेत ऋषिपंचमीला चाललं असतं. आजीला हे सांगितलं तर ती कितीतरी वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "पुण्यवान माणसं."

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला मोठेपणी कळली. तुला आवडते ती साबुदाण्याची खिचडी घे. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा पेरूच्या डोंगरांतला. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा, आणि मिरची मेक्सिकोकडची. पोर्तुगीज 1498 साली कालिकतला आले, 1510 साली त्यांनी गोवा घेतलं, आणि त्यांच्या जहाजांतून ह्या गोष्टी हळूहळू आपल्याकडे आल्या. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांचाच. ज्ञानेश्वर महाराज 1296 साली गेले. त्यांच्या काळातल्या वारकऱ्याने एकादशी केली तेव्हा त्याच्यासमोर ह्यातलं काही म्हणजे काही नव्हतं. मला वाटतं, जुन्या माणसांनी नव्या वस्तू बघितल्या, हे आपलं रोजचं धान्य नाही, जमिनीखालचा कंद आहे, असं म्हटलं आणि उपासाच्या ताटात घेतल्या. शेंगदाणा तर आपण नाव देऊनच घरचा केला: भुईमूग, भुईतला मूग. मेक्सिकोच्या जुन्या नाहुआत्ल भाषेत त्याला त्लाल्काकावात्ल म्हणतात, म्हणजे भुईतला काकाव. काकाव म्हणजे ज्याच्यापासून चॉकलेट करतात ती बी. दोघांनाही भुईच आठवली, हे मला किती गोड वाटतं. आणि चिकू हे नावही त्याच भाषेतून स्पॅनिशमार्गे आपल्याकडे आलंय.

उलट दिशेनेही गेलंच आहे. अलेग्रिया ज्या गुळात बांधतात त्याला तिथे पिलोन्सियो म्हणतात. ऊस स्पॅनिशांनी मेक्सिकोत नेला, आणि उसाचा रस आटवून गूळ-साखर करायची विद्या भारतातून अरबांमार्गे तिकडे पोहोचली होती. मी गुऱ्हाळाच्या गावची मुलगी. काहिलीतल्या गरम रसाचा वास मला झोपेतही ओळखता येईल. वडी तोंडात घातल्यावर मला तोच वास आला. राजगिरा त्यांचा, गूळ आपल्याकडचा.

राहिला तुझा 'चीटिंग'चा प्रश्न. आपल्याकडे म्हण आहे, "एकादशी आणि दुप्पट खाशी". म्हणजे तुला जे वाटलं ते आपल्या पणज्यांनाही वाटलं होतं. मीसुद्धा लहानपणी खिचडीसाठी उपास करायचे. पण परवा आजीकडे बघ. समोर गरम टॉर्टिया, भाताचा वास, आपण सगळे जेवतोय, आणि कोणी बघणारं नाही. कॅलेंडरातली वेळ तिकडची, म्हणून तिने शिकागोच्या चंद्रोदयाची वेळ फोनवर शोधून ठेवली होती. घरी आल्यावर नवाच्या पुढे, अंगावर माझा कोट चढवून, ती बाल्कनीत उभी राहिली. ढग होते. वीस मिनिटं ती थंडीत उभी होती. मी म्हटलं, "आई, आत या, वेळ झालीय, तेवढं पुरे." ती म्हणाली, "दिसेल गं, जरा थांब." मग पार्किंगच्या दिव्यामागून चंद्र वर आला, एका बाजूने कापल्यासारखा. तिने अर्घ्य दिलं, गणपतीपुढे दिवा लावला, आणि मग वरणभात जेवली. पहिला घास घेताना तिचे डोळे मिटलेले होते. तू झोपली होतीस, म्हणून मुद्दाम लिहिते. तिने देवाला शब्द दिला होता आणि तो पाळला. त्यात तिने पपई खाल्ली की नाही, हे तिच्या हिशोबात कुठेच नव्हतं.

आज सकाळपासून ती स्वयंपाकघरात आहे. डेव्हन अव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून आणलेला राजगिरा तापलेल्या कढईत चिमूट चिमूट टाकते, फडक्याच्या पुरचुंडीने दाबते, की टपटप फुटून पांढऱ्या लाह्या होतात. एकदम जास्त टाकला तर करपतो, हे तुला शिकवायचंय तिला. गूळ चिरून ठेवलाय. पुढच्या शुक्रवारी त्या मावशींना आपली वडी न्यायची आहे. "ही मी घरी केली, उपासाला चालते" हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं, ते एका कागदावर देवनागरीत लिहून दे, असं तिने तुला सांगितलंय. अक्षर मोठं काढ, तिचा चष्मा जुना झालाय.

तुझी,
आई