'बेक्ड' चिवडा, मल्टिग्रेन चिप्स खरंच तब्येतीला चांगले असतात का?

फरक पडतो, पण पाकिटाच्या दर्शनी बाजूला लिहिलेलं असतं तेवढा नाही. तळण टळलं की तेल घटतं आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅममागे ९ कॅलरी वाचतात. मात्र उतरलेली चव भरून काढायला मीठ-साखर वाढवलेली अनेकदा दिसते. म्हणून पाकीट उलटून मागचं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. आधी मैदा आणि सगळ्यात शेवटी नाचणी असेल, तर ती नाचणी नावापुरतीच. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. लहान मुलांसाठी तर त्याहून कमी.

आम्हा नाशिककरांचं चिवड्याशिवाय चालत नाही. मी घरी पातळ पोहे मंद आचेवर कोरडेच भाजते, वर दोन-तीन चमचे तेलाची फोडणी: शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता, लसूण. कुरकुरीत होतो, मुलं डबा संपवून येतात. तळलेल्या कांद्याचा झणझणीत चिवडाही आणतो, पण पाहुणे आले की, आणि तोही वाटीत काढून. पाकीट हातात घेऊन खायला बसलं की अंदाजच राहत नाही.