पाहुणी संस्था कोणाची?

प्रश्न : लेकीच्या शाळेत व्यसनमुक्तीवर बोलायला 'नार्कोनॉन'ची माणसं येणार आहेत. हॉलिवूडची नटी कर्स्टी ॲली हिने या संस्थेचं कौतुक केलं होतं म्हणे. मैत्रीण सांगते, संस्था सायंटॉलॉजी या अमेरिकेतल्या पंथाची आहे. खरं का? (एक आई, सॅन होजे)

उत्तर : मैत्रिणीचं ऐका. १९६६ साली ॲरिझोनाच्या तुरुंगात सुरू झालेला हा कार्यक्रम सायंटॉलॉजीचे संस्थापक हबर्ड यांच्या लिखाणावर उभा आहे. कर्स्टीबाई स्वतः सायंटॉलॉजिस्ट आणि नार्कोनॉनच्या प्रवक्त्या होत्या. कोकेन यामुळेच सुटलं, असं त्या सांगत. सुटलं असेलही, पण मुलाखतीत नातं कोण विचारतो? चेहरा ओळखीचा दिसला की आपण चपला काढून आत बसतो!

तुमच्याच कॅलिफोर्नियात २००५ मध्ये शिक्षण खात्याने तपासणी करवली. अमली द्रव्यं चरबीत वर्षानुवर्षं साठतात, घामावाटे निघतात, असले धडे अशास्त्रीय ठरले. शिक्षणप्रमुखांनी शाळांना हा कार्यक्रम बंद करायला सांगितलं.

मनोविकारतज्ज्ञांविरुद्धचं 'सिटिझन्स कमिशन ऑन ह्यूमन राइट्स'ही याच घरातलं, १९६९ पासून. नावावरून कळतं का?

मुख्याध्यापकांना तो २००५ चा अहवाल ईमेलने पाठवा आणि मुलांना दाखवायचं साहित्य आधी मागून घ्या.