डॉक्टरांनी मला वेड्यात काढलं का?

नागपूरच्या मनीषनगरहून एका ताईंचं पत्र आलंय. वय 53, पाळी जाऊन चार वर्षं झाली. संबंधाच्या वेळी इतकं दुखतं की यजमान झोपेपर्यंत त्या मुद्दाम ओटा आवरत बसतात. आता यजमान काही न बोलता हॉलमध्ये झोपायला लागलेत. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, ते आठ दिवस लावून यांनी सोडून दिलं. ‘एखाद्या सायकॉलॉजिस्टशीही बोला’ असं त्या म्हणाल्या, ते मनाला लागलं. जाऊबाईंच्या मते या वयात जपमाळ घ्यावी. ताई विचारतात, दुखणं शरीराचं, मग मनाच्या डॉक्टरकडे कशाला? मला वेड्यात काढलं का? आणि गेलेच, तर यजमानांना न्यायचं का?

ताई, वेड्यात नाही काढलं. तुमच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या. असे डॉक्टर जपून ठेवा.

आधी शरीराचं. ते क्रीम पुन्हा सुरू करा, पण त्यांना विचारून, आणि शेवटी लिहिलेल्या लाल डागाची तपासणी झाल्यावरच. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, लघवीला जळजळही त्यातूनच. नवतपात कूलरपुढे बसूनही घाम फोडणारे झटके बहुतेकींचे काही वर्षांत ओसरतात. हा कोरडेपणा मात्र उपचारांशिवाय सहसा जात नाही. क्रीमचा गुण यायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत काय कळणार? संबंधाच्या वेळी लावायचं जेल मेडिकल स्टोअरमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं.

आता मनाचं. चार वर्षं दुखलं की शरीर ते लक्षात ठेवतं. खोलीतला दिवा मालवला, की तुम्ही काही ठरवायच्या आधीच ओटीपोटाखालचे स्नायू आवळतात. आवळले की जास्त दुखतं. मग टाळणं आलं, टाळलं की अपराधी वाटणं आलं. तिकडे यजमानांना वाटत असणार, हिला माझा कंटाळा आला. क्रीम त्वचेला लागतं, या भीतीपर्यंत ते पोचत नाही. (स्नायूंसाठी वेगळी फिजिओथेरपी असते, तेही डॉक्टरांना विचारा.)

सायकॉलॉजिस्टकडे अंगाची तपासणी नसते, कपडे काढायचे नसतात. पाऊण तास, तासभर बोलायचं, साधारण आठवड्यातून एकदा. त्या रात्री मनात नेमकं काय आलं, हे विचारतील. ‘माझं बाईपण संपलं’ असं आलं असेल, तर ते खरंच तसं आहे का, हे तुमच्याकडूनच तपासून घेतील. घरी करायला काहीबाही देतील. त्यात बरेचदा पहिली अट असते, काही आठवडे संबंध पूर्ण बंद. फक्त हात, पाठ, केस, एवढाच स्पर्श. अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने 1970 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरतात. पुढे काही होणार नाही हे दोघांनी ठरवलेलं असलं, की अंग आपोआप सैल पडायला लागतं.

एक मात्र ऐका. यजमानांसाठी तुम्हाला ‘तयार’ करून देणं, हे या उपचाराचं काम नव्हे. चार बैठकांनंतर तुम्ही म्हणालात, मला जवळीक हवी पण ते नको, तर तेही उत्तरच आहे. जाऊबाईंना सांगा, जपही करीन. दोन्हीचं काही भांडण नाही.

कुठे जायचं? आपल्या मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) आणि मिहानच्या एम्समध्ये मनोविकार विभाग आहेत. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल, तर खासगीत व्हिडिओवर बोलणारेही आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती आहे का हे बिनधास्त विचारा. तुमचं बोलणं गुप्त ठेवायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ते बांधलेले आहेत. आधी नुसतं फोनवर बोलून बघायचं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 14416, फुकट, रात्रीसुद्धा. तोंडातून शब्द निघणार नाहीत असं वाटतं ना? घरूनच चिठ्ठीवर लिहून न्या आणि समोर ठेवा.

पहिल्या वेळी एकट्याच जा. नंतर यजमानांना बोलवायचं की नाही, ते तिथे बोलून ठरवा. पण ‘दुखतं म्हणून टाळते, तुमचा कंटाळा आला म्हणून नाही’ हे त्यांना आजच सांगा. त्याला कुणाची अपॉइंटमेंट लागत नाही. समोरासमोर जमत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप करा.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की मागच्या महिन्यात एकदा लाल डाग दिसला. ते सहज घेऊ नका. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त दिसलं, तरी तपासणी हवीच. बहुतेकदा कारण साधं निघतं, कोरडेपणाही असू शकतो. पण गर्भाशयाचा कर्करोग नाही ना, याची खात्री डॉक्टरांनाच करू द्या. सायकॉलॉजिस्टची वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली तरी चालेल, हे मात्र याच आठवड्यात.