बीपी खरंच आहे की नुसतं टेन्शन?

"मॅडम, वय फक्त २७ आहे आणि बीपी १६० येतंय, हे टेन्शनमुळे आहे का खरंच बीपी आहे? आणि गोळी चालू केली की मग आयुष्यभर घ्यावी लागते ना?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत इतक्या पोरापोरींनी मला विचारलाय की त्यावर एकदा नीट लिहायचं कधीचं मनात होतं. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, नाशिकमध्ये काम करते, गोळ्या देणं किंवा बंद करणं माझ्या हातात नाही आणि नसावंच. पण बीपीची भीती घेऊन येणारी माणसं डॉक्टरांच्या केबिनमधून पाच मिनिटांत बाहेर पडतात आणि उरलेली भीती माझ्याकडे घेऊन येतात. त्यातल्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला विचारून सांगतेय, नाव सांगणार नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा मूळचा निफाडकडचा, घरची द्राक्षबाग, स्वतः अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला. आईसोबत सिडकोत भाड्याने राहायचा, वडील आणि काका गावी. दुसऱ्या कंपनीत चांगली ऑफर आली, जॉइन व्हायच्या आधी मेडिकल असतं तसं मेडिकल झालं, आणि तिथे बीपी निघालं १६२/१०४. मोजणारे म्हणाले "एवढ्या लहान वयात एवढं? पॅरालिसिस व्हायचा की रे." बोलणाऱ्याने सहज म्हटलं असेल, पण या मुलाच्या वडिलांना ४९व्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला होता, आणि तो याच्यासमोर आला होता. तेव्हा हा १६ वर्षांचा. सकाळी ओट्यावर चहा पिताना वडिलांच्या हातातली बशी तिरकी झाली, चहा मांडीवर सांडत राहिला, आणि त्यांना ते कळतच नव्हतं. हे त्याने मला तिसऱ्या भेटीत सांगितलं, पहिल्या दोन भेटी फक्त आकड्यांवरच गेल्या.

त्याच दिवशी येताना त्याने मेडिकलमधून बीपीचं मशीन घेतलं. माझ्याकडे आला तेव्हा पाच आठवडे झाले होते आणि बॅगेत एक दोनशे पानी वही होती, निम्मी भरलेली. ती वही मी अजून विसरले नाहीये. बारीक अक्षरात तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, पल्स. रात्री ३:१०, ३:१४, ३:१७, ३:२५. एका दिवसात २६ नोंदी. १७८/११० ला लाल पेनाने गोल केलेला, आणि खाली लिहिलेलं "आई झोपलीये, उठवू का?" डाव्या दंडावर पट्ट्याचे लालसर वळ होते. आणि तो म्हणाला, "मॅडम, त्या पट्ट्याचा वेल्क्रो उघडताना चर्रर्र आवाज येतो ना, तो ऐकला तरी छातीत धडधडतं, मग काय बरोबर येणार आकडा?"

अर्धं उत्तर त्याने स्वतःच दिलं होतं. घाबरलं की शरीरात अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी तेवढ्यापुरतं वर जातं, ते सगळ्यांचंच जातं. मग तो आकडा बघून आणखी भीती, परत मोजायचं, परत वर. डॉक्टरांसमोर वाढतं आणि घरी नॉर्मल येतं असंही अनेकांचं असतं, त्याला पांढऱ्या कोटाचं बीपी म्हणतात. पण इथेच मला सगळ्यात काळजी वाटते. कारण एवढं ऐकलं की घरचे लगेच म्हणतात "बघ, टेन्शनच आहे, योगा कर, होईल बरं." अहो, पण टेन्शन आहे म्हणून बीपी नाहीच हे कुणी ठरवलं? दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतं. आणि बीपी आहे की नाही ते मोजूनच कळतं, नीट मोजून.

म्हणून मी पहिलं काम केलं ते त्याला फिजिशियनकडे पाठवायचं, आणि जाण्याआधी मोजायचं कसं ते माझ्यासमोर करून घेतलं. हा मुलगा पलंगावर मांडी घालून, हात खाली लोंबकळत, चहा झाल्या झाल्या, आईशी बोलत बोलत मोजायचा. मोजण्याच्या अर्धा तास आधी चहा कॉफी तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प बसायचं, मोबाइल नाही, मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. आणि पट्टा! मुलगा जिमला जाणारा, दंड ३६ सेंटीमीटर, मशीनसोबतचा पट्टा २२ ते ३२ चा. पट्टा लहान पडला की आकडा उगाच जास्त येतो. पट्ट्यावर माप छापलेलं असतं, पण ते बघायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही मशीन घेणार असाल तर आधी टेपने दंड मोजा, एवढं तरी ऐका माझं.

फिजिशियन शांत स्वभावाचे मिळाले हे त्याचं नशीब. त्यांनी एका आकड्यावर काही ठरवलं नाही, २४ तासांचं मशीन लावलं, जे दिवसभर आणि झोपेतही ठराविक वेळाने आपोआप मोजतं. वय कमी म्हणून किडनी, थायरॉइड, पोटॅशियम, लघवी, ईसीजी आणि पोटाची सोनोग्राफीही केली, कारण तरुण वयात बीपी वाढलं तर त्यामागे दुसरं काही कारण आहे का ते बघावंच लागतं. घोरतोस का ते विचारलं, कारण झोपेत श्वास अडकण्यानेही बीपी वाढतं. बाकी काय काय घेतोस हेही विचारलं, आणि तिथे बरंच बाहेर आलं. नाइट शिफ्टला एनर्जी ड्रिंकचे दोन कॅन, जिमला जायच्या आधी कसलीतरी पावडर, आणि पाठ दुखते म्हणून आठवड्यातून तीनचार वेळा पेनकिलर. या तिन्ही गोष्टींनी बीपी वाढू शकतं. सर्दीच्या काही गोळ्यांनी पण वाढतं, आणि त्या तर आपण शेंगदाण्यासारख्या खातो.

रिपोर्ट आला. दिवसाची सरासरी १४३/९२, रात्री झोपेत १२४/७६. या मशीनवर दिवसाची सरासरी १३५/८५ च्या वर गेली तर बीपी जास्त धरतात. म्हणजे १७८ हा भीतीचा आकडा होता, पण भीती बाजूला काढली तरी खाली खरं बीपी होतंच. बाकी तपासण्या नॉर्मल. डॉक्टर म्हणाले ड्रिंक आणि पावडर बंद, पाठीसाठी पेनकिलरऐवजी व्यायाम, मीठ कमी, आणि वडिलांचा इतिहास बघता एक कमी डोसची गोळी चालू करूया.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन रडला. मोठा, दणकट मुलगा. "म्हणजे मी पण पप्पांसारखाच." तेव्हा मी विचारलं, पप्पा गोळी घ्यायचे का? बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "घ्यायचे. झटक्याच्या आधी सहा महिने बंद केली होती, बरं वाटतंय म्हणून." इतकी वर्षं हा मुलगा समजत होता की बीपी म्हणजे पॅरालिसिस. मधली बंद केलेली गोळी त्याने हिशेबात कधी धरलीच नव्हती.

मग आम्ही भीतीवर काम सुरू केलं, ते जवळजवळ चार महिने चाललं. पहिलं मशीन. एकदम बंद करायला सांगितलं असतं तर तो लपून मोजत बसला असता, हे मला अनुभवाने माहितीये. म्हणून डॉक्टरांशी बोलून ठरवलं, पहिला आठवडा फक्त सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, नंतर आठवड्यातून दोनच दिवस, आणि मधल्या वेळात मशीन आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली, किल्ली आईकडे. मोजायची इच्छा झाली की वहीत आकड्याऐवजी एक ओळ लिहायची, "आत्ता मोजलं नाही तर काय होईल असं वाटतंय" आणि अर्ध्या तासाने त्याखाली "काय झालं". पहिल्या आठवड्यातलं एक पान असं होतं, "डोकं जड आहे, नस फाटेल" आणि खाली "झोप लागली". असं पानामागून पान.

श्वासाचा व्यायाम शिकवला, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, मिनिटाला साधारण सहा श्वास. पण एक गोष्ट पक्की सांगितली की आकडा खाली आणायला हे करायचं नाही. कारण मग लोक श्वास घेतात, मोजतात, उतरलं नाही की अजून घाबरतात, आणि श्वासाचीच परीक्षा होऊन बसते. श्वास झोपायच्या आधी आणि शिफ्टला निघताना, दहा मिनिटं, पट्टा बांधलेला नसताना.

दुसरं म्हणजे त्याने जिने चढणं सोडलं होतं. धाप लागली, छाती धडधडली की त्याला वाटायचं झालं, आलाच अटॅक. इथे सांगते, छातीत पहिल्यांदा दुखलं तर ते पॅनिक आहे का हृदयाचं हे घरबसल्या ठरवू नका, ईसीजी काढाच. याचा निघाला होता, नॉर्मल होता, डॉक्टरांनी चालायला-चढायला परवानगी दिली होती, त्यानंतरच आम्ही पांडवलेणीच्या पायऱ्या ठरवल्या. पहिल्या रविवारी चौथा हिस्सा चढून बसला, मित्र सोबत. धडधड झाली, बसून राहिला, दहा मिनिटांत उतरली. पॅनिकचा झटकाही साधारण असाच असतो, दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो, पण आपण पळून गेलो तर तो ओसरतो हे आपल्याला कधी कळतच नाही. सहाव्या रविवारी वर लेण्यांपर्यंत गेला आणि तिथून मला फोन, वाऱ्याचा आवाज, काही ऐकू येईना, नुसता हसत होता.

मिठाचं काम आईने केलं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्याकडे सकाळी मिसळ, चारला चिवडा, जेवणात लोणचं पापड म्हटल्यावर ते कधीच ओलांडलेलं असतं. माउलींनी लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. रविवारची मिसळ मात्र मी तोडायला सांगितली नाही, महिन्यातून एकदा खा म्हटलं, फरसाण कमी घाल.

आणि मग ऑक्टोबरमध्ये सगळं घसरलं. आकडे १२२/७८ यायला लागले, गावी छाटणीची गडबड म्हणून सुट्टी टाकून गेला, आणि गोळ्या नाशिकलाच राहिल्या. मुद्दाम की चुकून, ते त्यालाही नीट सांगता येईना. नऊ दिवस गोळी नाही. आईचा मला फोन आला, आवाज कापत होता, "मॅडम, याच्या बापानं बी हेच केलं होतं ओ, बरं वाटतंय म्हणायचे."

पुढच्या भेटीत मी त्याला रागावले नाही. विचारलं, गावी काय काय केलंस? म्हणाला छाटणी, पेस्ट लावली, मग फवारण्या. कशाच्या? "डावणीच्या." डावणी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर येणारा बुरशीचा रोग. मी म्हटलं, आली होती का डावणी? "नाही हो मॅडम, यायच्या आधीच मारतात. पानावर दिसल्यावर मारून काय उपयोग, तोवर बाग..." आणि तिथेच थांबला. मला पुढे काही बोलावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी फिजिशियनला फोन करून खरं सांगितलं, त्यांनी बोलावून तपासलं आणि गोळी परत सुरू झाली. आयुष्यभर घ्यावी लागेल का? डॉक्टरांनी त्याला प्रामाणिक उत्तर दिलं, की वजन, मीठ, व्यायाम नीट राहिलं तर डोस कमी करून बघता येईल, काहींची बंदही होते, पण ते मोजून आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच. १२२ आलं होतं ते गोळी घेत होतास म्हणून, असंही ते म्हणाले.

मुली हे वाचत असतील तर एक सांगायचंय, बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत आणि काही गर्भनिरोधक गोळ्यांनी बीपी वाढू शकतं, त्यामुळे लाजू नका, डॉक्टरांना आधीच सांगा.

घाबरायचं कधी, तेही लिहून ठेवते, कारण ज्याला हे माहीत असतं तो बाकी वेळ कमी घाबरतो. आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, अचानक दिसायला कमी, भयंकर डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, असं काही असेल तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. आणि तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय असं दिसलं तर बीपी कितीही असो, लगेच मोठ्या हॉस्पिटलला, कारण ही पॅरालिसिसची लक्षणं आहेत आणि मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आकडा मोठा पण बाकी काहीच त्रास नाही, तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा, तरी तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रात्री तीनला भीतीने जीव कासावीस झाला आणि कुणीच नसलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात. आणि समुपदेशनाने भागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, चिंतेवरही औषधं असतात, फक्त बीपीची गोळी चालू आहे हे त्यांना सांगा.

तो मुलगा आता महिन्यातून एकदा येतो. नवीन कंपनीत जॉइन झालाय, नाइट शिफ्ट कमी आहेत. मागच्या वेळी सांगत होता की मशीन आता गावी नेऊन ठेवलंय, मोठा पट्टा आणि साधा पट्टा दोन्ही. रविवारी ओट्यावर दोन खुर्च्या टाकतात, आधी वडिलांच्या चांगल्या हाताला मुलगा पट्टा बांधतो, मग पाच मिनिटं दोघं बापलेक गप्प बसतात, आणि कुणी बोलायला आलं की आई दारातूनच तोंडावर बोट ठेवते.